एका आज्ञाधारकाची अवज्ञा

मुलांसाठी रचलेल्या गोष्टींकडे आपली टीका दोन कारणांसाठीच वळते. एक, त्यांत बोध किती आहे हे मोजण्यासाठी. आणि दुसरे, त्यांनी मुले बिघडतात की काय हे तपासण्यासाठी. गोष्ट म्हणून ती कशी आहे, तिच्यातले अद्भुत कशावर उभे आहे, ऐकणाऱ्याच्या मनात ती नेमके काय ठेवून जाते, हे प्रश्न थोरांच्या वाङ्मयासाठी राखून ठेवलेले असतात. पडद्यावरच्या गोष्टींच्या वाट्याला तर एवढीही विचारपूस येत नाही. ‘पोरांचा खेळ’ म्हणून त्यांची बोळवण होते. अशाच एका बोळवण झालेल्या गोष्टीविषयी आज लिहावयाचे आहे. ती आहे ‘जायंट रोबॉट’ ही जपानी मालिका.

आज जे चाळिशी-पन्नाशीत आहेत त्यांना हे नाव नुसते ऐकवून पाहावे. ऐंशीच्या दशकात दूरदर्शनवर ही मालिका लागे तेव्हा ज्यांच्या घरी दूरचित्रवाणीचा संच असे, त्यांच्या घरात वाडीतली सगळी मुले जमिनीवर बसलेली असत. मूळ जपानी नाव ‘जायंट रोबो’. मित्सुतेरु योकोयामा या चित्रकथाकाराची ही कल्पना, आणि निर्मिती तोएइ या चित्रपटसंस्थेची. जपानमध्ये ती ११ ऑक्टोबर १९६७ ते १ एप्रिल १९६८ या काळात २६ भागांत दाखवली गेली. १९६९ साली एका अमेरिकन कंपनीने तिला इंग्रजी आवाज चढवला, पात्रांची नावे बदलली आणि तिचे जगभर वाटप केले. दाइसाकु कुसामा या जपानी मुलाचा ‘जॉनी सोको’ झाला आणि त्याचा थोरला साथीदार मिनामी जूरो हा ‘जेरी मानो’ म्हणून वावरू लागला. आपल्याकडे आली ती ही इंग्रजी आवृत्ती.

गेल्या मेच्या सुट्टीत भाईंदरमध्ये आम्ही काही शेजाऱ्यांनी ही मालिका पहिल्यापासून शेवटपर्यंत पुन्हा पाहिली. रात्रीची जेवणे आटोपल्यावर रोज दोन भाग आणि त्यानंतर चर्चा, असा तेरा रात्रींचा सप्ताहच म्हणा ना! लहानपणी ती पाहिलेले आईबाप होते, ती कधीच न पाहिलेली त्यांची मुले होती, आणि ‘हे काय खूळ’ म्हणत येऊन बसणाऱ्या दोन आज्याही होत्या. पुढील विवेचनात त्या चर्चेचा मोठा वाटा आहे.

ज्यांनी मालिका पाहिलेली नाही त्यांच्यासाठी कथासूत्र थोडक्यात सांगतो. गिलोटिन नावाचा एक परग्रहावरचा सम्राट पृथ्वी जिंकायला आला आहे. समुद्राच्या तळाशी त्याचे यान आहे आणि पृथ्वीवर ‘गार्गॉयल’ नावाची त्याची टोळी आहे. तिच्याशी झुंजणारी ‘युनिकॉर्न’ ही गुप्त संघटना. पहिल्या भागात एक समुद्रराक्षस जहाज बुडवतो. जहाजावरचा लहानगा जॉनी आणि युनिकॉर्नचा हेर जेरी एका बेटाला लागतात. बेट टोळीचे. तेथे डॉ. गार्डियन या शास्त्रज्ञाकडून धाकाखाली एक अजस्र यंत्रमानव बनवून घेतला जात आहे. त्याला हुकूम सोडण्यासाठी मनगटी घड्याळासारखे एक यंत्र आहे, आणि त्यात जो आवाज प्रथम पडेल त्याचेच तो यंत्रमानव आयुष्यभर ऐकणार आहे. मुलगा सहज म्हणून घड्याळ हाती घेतो आणि बोलतो. झाले! टोळीने जगज्जेत्यासाठी घडवलेले शस्त्र एका पोराच्या आवाजाला बांधले जाते. शास्त्रज्ञाने तळ उडवण्यासाठी अणुबाँब लावून ठेवलेला असतो. त्याला गोळी लागते, बाँब फुटतो, आणि त्या स्फोटाच्या शक्तीनेच यंत्रमानव जागा होतो. पुढे जॉनी ‘यू-७’ या नावाने युनिकॉर्नचा हेर बनतो आणि दर भागात एक नवा राक्षस येतो.

आता दोषांविषयी आधी बोलू; कारण ते डोळ्यांत भरण्यासारखे आहेत आणि लपवण्यात अर्थ नाही. प्रत्येक भागाची वीण एकच. सम्राट कट रचतो, राक्षस येतो, शहर मोडते, मुलगा संकटात सापडतो, घड्याळात बोलतो, यंत्रमानव उडत येतो, झुंज होते, राक्षस संपतो. चौथ्या रात्री आमच्यातल्या एका मुलाने पुढे काय होणार ते अगोदरच सांगायला सुरुवात केली आणि तो एकदाही चुकला नाही. शिपायांचे नेम लागत नाहीत. खलनायक ऐन वेळी कारण नसताना हसत उभे राहतात. मुलींना या जगात फारसे स्थान नाही. मारी ही लहान मुलगी हेर म्हणून येते तीही काही भाग उलटल्यावर. आणि एका आईने पहिल्याच रात्री घेतलेला आक्षेप तर मोलाचा होता. दहा वर्षांच्या मुलाच्या हातात पिस्तूल देऊन त्याला माणसांवर गोळ्या झाडायला लावणे यात गंमत ती कसली, असे त्या म्हणाल्या. या आक्षेपाला मजजवळ उत्तर नाही आणि ते शोधण्याचा खटाटोपही मी करणार नाही.

परंतु एकसारखेपणाचा दोष मात्र मला तितकासा दोष वाटत नाही. आपल्या व्रतांच्या कहाण्या घ्या. आटपाट नगर, एक राजा, त्याची आवडती नि नावडती राणी, नेम, नेमाचा भंग, संकट, उद्धार. ही चौकट ऐकणाऱ्याला पाठ असते, आणि पाठ असते म्हणूनच ती पुन्हा ऐकावीशी वाटते. आमच्यातल्या एका आजीने हे फार नेमके सांगितले. “श्रावणात शुक्रवारची कहाणी ऐकताना पुढे काय ते का ठाऊक नसतं? तरी हातातले तांदूळ खाली ठेवत नाही आपण!” मालिकेचे भाग हे कादंबरीच्या प्रकरणांसारखे एकमेकांत गुंतलेले नाहीत, ते कहाण्यांसारखे शेजारी शेजारी बसलेले आहेत. कधी अवकाशातून आलेला वेल, कधी एक प्रचंड डोळा, कधी पाताळातून यावा तसा चेटक्या प्राणी. राक्षस बदलतो, चौकट बदलत नाही.

तीच गोष्ट खोट्या दिसणाऱ्या शहरांची. जपानी लोक या चित्रणकलेला ‘तोकुसात्सु’, म्हणजे विशेष चित्रण, म्हणतात. माणसाने राक्षसाचा पोषाख चढवायचा, गुडघ्याएवढी शहरे उभारायची आणि ती तुडवत जायचे. एइजी त्सुबुराया या कलावंताने १९५४ च्या ‘गॉडझिला’ चित्रपटात ही रीत प्रतिष्ठेला नेली आणि १९६६ साली ‘अल्ट्रामॅन’ मालिकेतून ती घराघरांत आणली. आजच्या मुलांना संगणकाने काढलेली बेमालूम चित्रे पाहण्याची सवय. तेव्हा ती हसणार हे आम्ही धरून चाललो होतो. ती हसलीही. पण दोनतीन भागांनंतर ती ते पूल, त्या आगगाड्या, त्या विजेच्या तारा बारकाईने पाहू लागली. ‘हे कशाचे केले असेल?’ हा त्यांचा प्रश्न होता. दिवाळीत दारापुढे किल्ला करणाऱ्या मुलांचाच हा प्रश्न. आपल्या किल्ल्यावर पहारेकरी बुरुजाहून उंच असतो, वाघ नि गवळण एका मापाची असतात, अळीवाची रोपे म्हणजे घनदाट रान असते, आणि तरीही त्या किल्ल्यावर महाराज सिंहासनावर बसले की तो किल्ला खरा होतो. अद्भुताला बेमालूमपणा लागतोच असे नाही. करणाऱ्याचे हात दिसले म्हणजे पाहणाऱ्याच्या हातांनाही चाळवल्यासारखे होते.

भाषेचाही असाच एक विचार मनात येतो. ऐंशीच्या दशकात मराठी शाळेत जाणाऱ्या मुलांना मालिकेतले इंग्रजी कितीसे कळत असेल? त्यातच ते इंग्रजी जपानी ओठांवर बसवलेले. तोंड मिटले तरी वाक्य संपत नसे. तरीही गोष्ट कळत होती. मुले दुसऱ्या दिवशी शाळेच्या मैदानात ती मराठीत खेळत. मनगटाशी तोंड नेऊन ‘जायंट रोबॉट, ये!’ म्हणणे एवढे पुरे होते. जपानची गोष्ट अमेरिकेच्या तोंडून ऐकून ती मराठीत खेळायची, या प्रवासात तिचे संवाद गळून पडले आणि गाभा तेवढा उरला. आज भाईंदरच्या एकेका इमारतीत मराठी, गुजराती, मारवाडी, हिंदी बोलणारी मुले एकत्र खेळतात. त्यांचाही खेळ असाच भाषेवाचून चालतो हे मी रोज पाहतो. तर मग हा उरलेला गाभा कोणता?

माझ्या मते तो आहे आज्ञा. या मालिकेतले खरे अद्भुत यंत्रमानवाच्या बोटांतून सुटणाऱ्या क्षेपणास्त्रांत नाही, त्याच्या तोंडच्या ज्वाळेत नाही. ते आहे एका कोवळ्या आवाजाने एवढा मोठा देह हलतो यात. मूल म्हणजे दिवसभर इतरांच्या आज्ञा पाळणारा प्राणी. ऊठ, दात घास, शाळेत जा, गप्प बस. रजेच्या अर्जाखाली ‘आपला आज्ञाधारक विद्यार्थी’ असे लिहायला आम्हीच त्याला शिकवतो. त्या मुलाला ही गोष्ट सांगते की, तुझ्याही शब्दाने पर्वताएवढे काहीतरी उठून उभे राहील. या सुखाची सर दुसऱ्या कशाला येणार?

पण केवळ एवढेच असते तर मालिका इच्छापूर्तीच्या स्वप्नापलीकडे गेली नसती. तिच्या कर्त्याला या सुखातला धोका ठाऊक होता. योकोयामा यांचा जन्म १९३४ चा, कोबे शहरातला. १९४५ मध्ये अमेरिकन विमानांनी ते शहर जाळले तेव्हा ते दहा-अकरा वर्षांचे होते. म्हणजे त्यांच्या गोष्टींतल्या मुलांच्याच वयाचे. १९५६ साली त्यांनी ‘तेत्सुजिन २८-गो’ ही चित्रकथा सुरू केली. तिच्यातही एक अजस्र लोहमानव आणि एक मुलगा आहे. तो लोहमानव महायुद्धात जपानी सैन्यासाठी योजलेले शस्त्र असतो, आणि तो चालतो हातातल्या दूरनियंत्रकावर. नियंत्रक ज्याच्या हाती त्याचा लोहमानव! आज तो सज्जनांबरोबर शहर वाचवील, उद्या चोरांबरोबर तेच शहर मोडील. त्याला स्वतःला दोन्ही सारखेच. युद्धात शस्त्रांचे काय होते हे ज्याने डोळ्यांनी पाहिले त्याचीच ही कल्पना शोभते.

अकरा वर्षांनी ‘जायंट रोबो’त योकोयामांनी दूरनियंत्रकाच्या जागी आवाज आणला. हा बदल किरकोळ नव्हे. नियंत्रक चोरता येतो, आवाज चोरता येत नाही. शस्त्राला एक धनी मिळाला आणि त्याबरोबर जबाबदारी कोणाची हेही ठरले. तरीसुद्धा धनी ठरला तो गुणावर नव्हे, योगायोगाने. घड्याळात पहिला शब्द गार्गॉयलच्या एखाद्या शिपायाने बोलला असता तर? हा प्रश्न आमच्या चर्चेत एका सातवीतल्या मुलीने विचारला. मालिका त्याचे उत्तर देत नाही. पण यंत्रमानवाच्या त्या निश्चल, मिसरी राजासारख्या चेहऱ्याकडे पाहिले की उत्तर कळते. त्याने शिपायाचेही ऐकले असते. त्याच शांतपणे.

आणि जागा तो कशाने झाला, तर अणुस्फोटाने. १९५४ च्या मार्चमध्ये बिकिनी बेटावरच्या हायड्रोजन बाँबच्या चाचणीची राख एका जपानी मासेमारी नौकेवर पडली, आणि त्याच वर्षाच्या नोव्हेंबरात ‘गॉडझिला’ पडद्यावर आला. तेथे बाँबने जागा होतो तो संहारक. येथे बाँबने जागा होतो तो रक्षक. पण त्याच्या पोटात शक्ती तीच आहे. हिरोशिमा-नागासाकी पाहिलेल्या देशाने आपल्या मुलांना सांगितलेली ही गोष्ट आहे, हे लक्षात ठेवले म्हणजे या ‘पोरांच्या खेळा’ला वेगळे वजन येते.

येथे आपल्याकडचे दोन नायक सहज आठवतात. भा. रा. भागवतांचा फास्टर फेणे हा फुरसुंगीचा पोरगा. त्याच्याजवळ सायकल, चपळाई आणि ‘ट्टॉक’ एवढेच भांडवल. त्याचे बळ त्याच्या अंगात आणि अकलेत आहे. त्याला हुकूम सोडायला कोणी नाही. वाङ्मय म्हणून तो जॉनीहून कितीतरी सरस आहे. त्याला स्वभाव आहे, बोलण्याची ढब आहे, पुणे आहे. जॉनीला घड्याळाखेरीज फारसे काही नाही. दुसरा नायक १९९७ ते २००५ या काळात दूरदर्शनवर गाजलेला ‘शक्तिमान’. त्याचेही बळ त्याच्याच अंगी, तपाने मिळालेले. आणि भाग संपला की तो मुलांना चांगल्या सवयींचा पाठ देई. जपानी मालिका पाठ देत नाही. तिने बळ एकाच्या देहात आणि इच्छा दुसऱ्याच्या तोंडी ठेवली आहे. या फुटीमुळे फेणे आणि शक्तिमान यांना कधीच न पडणारा प्रश्न तिच्यात उभा राहतो: आज्ञा पाळणाऱ्याला स्वतःचे काही असते का?

पंचवीस भाग या प्रश्नाचे उत्तर ‘नाही’ असेच देतात. यंत्रमानव बोलत नाही, हट्ट करीत नाही, दमल्याची तक्रार करीत नाही. आणि मग सव्विसावा भाग येतो.

शेवटी सम्राट गिलोटिन स्वतः अवाढव्य रूप धारण करून उभा ठाकतो. त्याचा देह अणुशक्तीने भरलेला आहे. त्याच्यावर वार केला तर स्फोटाने पृथ्वीच नष्ट होईल. युनिकॉर्नची शस्त्रे खाली होतात. मुलगा काय आज्ञा देणार? देण्यासारखी आज्ञाच उरलेली नाही. तेव्हा यंत्रमानव स्वतःहून हलतो. तो सम्राटाला कवेत घेतो आणि आकाशात झेपावतो. खाली मुलगा घड्याळात ओरडतो आहे, परत ये, परत ये. आयुष्यभर ज्या आवाजावर तो उठला-बसला, तो आवाज त्याला बोलावतो आहे आणि तो वळत नाही. वर, पृथ्वीपासून दूर, तो सम्राटासह एका उल्केवर आदळतो. प्रकाश होतो, आणि सगळे संपते.

हा भाग पाहून झाला त्या रात्री आमच्याकडे बराच वेळ कोणी बोलले नाही. मग वाद जुंपला. एका गृहस्थांचे म्हणणे असे पडले की ही अवज्ञा नव्हेच. ‘जगाचे रक्षण कर’ ही मुलाची मूळ आज्ञा. यंत्राने ती पाळली, एवढेच. युक्तिवाद चतुर आहे. पण मालिका त्याला आधार देत नाही. मुलाने तशी आज्ञा शब्दांत दिल्याचे दाखवलेले नाही. उलट त्याच्या शब्दांतली शेवटची आज्ञा परत येण्याची आहे आणि ती मोडलेली आपण पाहतो, ऐकतो. दुसरे मत त्या सातवीतल्या मुलीचे. “त्याने जॉनीचं ऐकलं नाही, कारण त्याला जॉनी आवडत होता.” मला हे मत अधिक जवळचे वाटते. आज्ञेच्या पलीकडे काहीतरी जुळलेले होते आणि ते जुळलेले होते हे कळायला आज्ञा मोडावी लागली. त्या एका अवज्ञेने मागचे पंचवीस भाग उजळतात. तोवर यंत्र म्हणून पाहिलेला तो निश्चल चेहरा आठवून आपण विचारतो, तो तेव्हापासूनच पाहत होता की काय?

आपल्या बोधकथांत आज्ञापालन हाच बहुधा शेवट असतो. श्रावणबाळाने आईबापांचे ऐकले, रामाने वडिलांचा शब्द पाळला. ती शिकवण खोटी आहे असे मी म्हणत नाही; वर्गात उभा राहणारा मास्तर तसे म्हणूच शकत नाही. पण ज्याने केवळ ऐकले आणि ज्याने ओळखले या दोघांत फरक आहे, आणि तो फरक मुलाला कधीतरी कळायला हवा. गार्गॉयलचे शिपाईही आज्ञाधारकच आहेत. सम्राटाचा शब्द ते खाली पडू देत नाहीत. मालिका कोणताही उपदेश न करता या दोन आज्ञाधारकांना समोरासमोर उभे करते आणि अखेरीस त्यांतल्या एकालाच आज्ञा मोडण्याचा मान देते.

आज या गोष्टीला आणखी एक अर्थ येऊन चिकटला आहे. साठ वर्षांपूर्वी मनगटात बोलून यंत्र हलवणे ही कल्पनेची भरारी होती. आज आमच्यातली लहान मुले खिशातल्या फोनला तोंडी हुकूम सोडतात, गाणे लाव म्हणतात, गणित विचारतात, आणि यंत्र उत्तर देते. त्यांना जॉनीच्या घड्याळाचे नवल वाटले नाही. त्यांना नवल वाटले ते यंत्राने शेवटी ऐकले नाही याचे. हे पाहून मला जरा विचार पडला. यंत्रे दिवसेंदिवस अधिक आज्ञाधारक होत जाणार. तेव्हा त्यांच्या घड्याळात पहिला शब्द कोणाचा पडतो हा त्या मुलीचा प्रश्न आता गोष्टीतला राहिलेला नाही. आणि शेवटच्या भागातल्यासारखी अवज्ञा तर खऱ्या यंत्राकडून कोणी धरून चालू नये. तेव्हा थांबायचे कोठे, हे आज्ञा देणाऱ्यालाच शिकावे लागेल.

‘जायंट रोबॉट’ ही थोर कलाकृती आहे असा माझा दावा नाही. तिच्यातले कित्येक भाग विसरण्याजोगे आहेत, तिचा नायक फिका आहे, तिच्यातली पिस्तुले मला आजही खुपतात. पण तिने एक मोठा प्रश्न मुलांच्या हाताला येईल इतक्या उंचीवर ठेवला, आणि त्याचे उत्तर शब्दांत न देता एका कृतीत दिले. पुष्कळशा चांगल्या मानल्या गेलेल्या बालपुस्तकांना हे साधलेले नाही. दिवाळीच्या सुट्टीत घरात मुले असतील तर ती त्यांच्याबरोबर बसून पाहावी. मधले काही भाग गाळले तरी चालतील; पहिला आणि शेवटचा मात्र गाळू नये. आणि शेवटचा संपल्यावर लगेच दिवा लावून ‘चला, झोपा आता’ म्हणू नये. मुलांना काहीतरी विचारायचे असते.